मर्टीने सोललेली मुळं

गुरुवारच्या वादळाने आमच्या गोठ्याचं अर्धं छप्पर उचललं आणि नेमकं माझ्या गाडीवर आणून टाकलं. वीज गेली, घरचा फोन गेला, मोबाइलचा टॉवरही कुठेतरी आडवा झाला. माणसं आणि गुरं मात्र सगळी शाबूत राहिली. फिन्टन, माझा नवरा, म्हणाला, एवढ्यावर सुटलोय, आता कुरकुर करू नकोस. पण माझी कुरकुर गाडीबद्दल नव्हतीच. ती होती सासऱ्यांबद्दल.

माझे सासरे मर्टी हेहिर. वय एक्क्याऐंशी. सासूबाई गेल्यापासून ते आमच्या स्वयंपाकघरात, चुलीच्या उजव्या हाताच्या खुर्चीत बसून राहायचे. चहा ओतायला गेले की अर्धा बशीत, अर्धा टेबलावर. दुधाचं भांडं धक्का लागून पडायचं. मी पुसून काढायची आणि मनात म्हणायची, हे मुद्दाम करतात, म्हणजे परत कुणी काम सांगायला नको. आमच्या वेस्ट क्लेअर भागात असा एकही म्हातारा नसेल ज्याने सुनेच्या हातून चहा मिळावा म्हणून थोडं नाटक केलेलं नाही. मला तसंच वाटत होतं, खरंच.

शुक्रवारी दुपारी मी मांस शिजवायला घेतलं. आमची चूल लोखंडी, टर्फवर म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या विटांवर चालणारी, तिला विजेची पर्वा नाही. दोन पाई करायच्या होत्या, शिजलेलं मांस पोळीखाली झाकून भाजायच्या. एक आमच्या शेजाऱ्यांकडे, सेनन आणि ऊना लिलिस या जोडप्याकडे पाठवायची होती. ऊना अकरा दिवसांची लेक घेऊन हॉस्पिटलमधून आली होती आणि त्यांच्या घरात वीज नसल्याने ब्रेड आणि जॅमवर दिवस काढत होती. दुसरी आमच्याकडे, रविवारी छप्पर बसवायला येणाऱ्या माणसांसाठी. नळीच्या बीफचे मोठाले तुकडे पिठात घोळवून चरबीत परतले, कांदे घातले, गाजरं घातली, थाइमच्या काड्या टाकल्या आणि स्टाउटच्या तीन बाटल्या ओतल्या. काळी बिअर भांड्यात पडली की आधी फेस येतो आणि घरभर कडवट वास सुटतो. तीन तासांनी तो कडूपणा मरतो, रस्सा डांबरासारखा काळा आणि दाट होतो, आणि मग चमचा घातला की मांस आपणहून सुटतं.

मर्टी खुर्चीतून म्हणाले, "पार्सनिप घातलेस का?" पार्सनिप म्हणजे गाजरासारखं पांढरं, गोडसर मूळ.

"नाही."

"माझी आई घालायची. त्या गोडव्याशिवाय ती पाई नव्हे, पोरी. ते आजाऱ्याचं जेवण."

मी दिवसभर पाणी विहिरीवरून ओढत होते. माझे खांदे भरून आले होते.

"मग जा ना बागेत आणि काढून आणा," मी म्हटलं. "खुर्चीत बसून सांगायला काय जातंय? एक तरी काम करा या घरात."

 फिन्टन दारात बूट काढत होता, त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि परत बुटांकडे पाहिलं. मी भांड्यावर झाकण ठेवलं आणि विषय संपला असं समजले.

शनिवारी सकाळी आभाळ इतकं खाली आलेलं होतं की नऊ वाजले तरी टेबलावर कंदील लागत होता. मी चुलीवर भांडं गरम करायला ठेवलं, कोंबड्यांना दाणे घालायला गेले, परत आले, पीठ आणि थंड लोणी बोटांनी चोळून गोळा मळला, लाटला. साडेदहाच्या सुमाराला पहिल्या तसराळ्यात मांस भरलं, वर पोळीचं झाकण घातलं, कडा काट्याने दाबल्या आणि चुलीतल्याच भट्टीत सारलं. मग गोठ्यात गेले, कारण ताडपत्री सुटून फडफडत होती. ती बांधायला बराच वेळ गेला. परत येऊन भट्टी उघडली तर झाकण सोनेरी फुललं होतं. फिन्टनने ते तसराळं टॉवेलात आणि वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि पावणेबाराला जीपमधून ऊनाकडे निघाला.

मी भांड्यात उरलेल्या रश्श्याचं मीठ पाहिलं. एक चमचा, मग आणखी एक. बरं लागलं. कालच्यापेक्षा किंचित वेगळं, पण बरं.

मर्टी खुर्चीत बसून गालातल्या गालात हसत होते.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. कळेल तुला."

मी सालींची बादली उचलली आणि कोंबड्यांकडे निघाले. अंगणात कंदिलाची गरज नव्हती, तेवढा उजेड आला होता. बादली उपडी करायला वाकवली आणि हात थांबला. कांद्याची आणि गाजराची सालं कालचीच, सुकलेली. त्यांच्यावर ताजी, ओली, पांढरी सालं होती. आणि मुळांचा वरचा तोडलेला भाग, देठांसकट. देठ जाड, पोकळ, हिरवे. पार्सनिपचं फेब्रुवारीत वर काहीच उरत नाही. आणि पार्सनिप एकेकटं वाढतं, गाजरासारखं. हे गुच्छाने होतं. एका बुडख्याला पाच-सहा मुळांच्या तोडलेल्या जागा, हाताच्या पंजाला बोटं असावीत तशा. कापलेल्या जागी पिवळा रस आला होता.

मी खाली बसले. कोंबड्या धावत आल्या तशी मी बादली छातीशी धरली.

तीन वर्षांपूर्वी खालच्या शेतात आमच्या दोन कालवडी मेल्या होत्या. सकाळी चांगल्या चरत होत्या, दुपारी पाय झाडत पडल्या. गुरांच्या डॉक्टरने चरातून एक गड्डा उपटून आमच्यापुढे धरला होता. याला मेल्याची बोटं म्हणतात, तो म्हणाला होता. चर खणला की मुळं वर येतात आणि गुरं खातात. आणि मग, फिन्टनच्या हातात तो गड्डा देताना म्हणाला होता, नंतर हात धू, आणि चुकूनही तोंडाला लावू नकोस, एक मूळ माणसालाही पुरतं.

बागेच्या टोकाला, पार्सनिपच्या वाफ्याला लागून तोच चर जातो. मागच्या आठवड्यात मशीन आणून तो साफ केला होता. निघालेला सगळा चिखल बागेच्या कडेला टाकला होता.

मी घरात कशी आले ते आठवत नाही. भांडं चुलीवरून उचलून बाहेर पायरीवर ठेवलं एवढं आठवतं, फडकं न घेता, तळहात भाजले.

"मर्टी, तुम्ही भांड्यात काय घातलंत?"

ते हसले. "कळलं ना? पार्सनिप. पहाटेच गेलो होतो बागेत. तू म्हणालीस ना, काम करा."

"किती?"

"एक चांगला मोठा पसा. बारीक चिरून."

"कधी घातलंत?"

"तू बाहेर होतीस तेव्हा."

"कधी बाहेर? कोंबड्यांना घालायला गेले तेव्हा, की ताडपत्री बांधायला गेले तेव्हा?"

त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. "का गं?"

"सांगा ना! नऊला, की अकराला?"

"मला घड्याळ दिसत नाही, पोरी," ते म्हणाले.

भिंतीवरचं घड्याळ त्यांच्यापासून चार हातांवर होतं, ताटाएवढं. मी त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहत होते, पण माझ्या थोडंसं डावीकडे. दुधाळ पडदा दोन्हीकडे. मी रोज त्या माणसाला तीन वेळा वाढत होते आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मी त्यांच्यापुढे गुडघ्यावर बसले आणि सांगितलं. ओरडले नाही.  त्यांनी ऐकलं, आणि त्यांचे हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट झाले.

"बॅटरीवरचा रेडिओ चालू होता," ते म्हणाले. "निधनवार्ता लागल्या होत्या."

"त्या नऊलाही लागतात आणि अकरालाही लागतात, मर्टी! नावं कुणाची होती?"

"कूराक्लेअरची एक बाई. नाव नाही लक्षात. माझं लक्ष सुरीकडे होतं."

नऊला घातली असतील तर ती ऊनाच्या पाईत गेली होती. अकराला घातली असतील तर नाही. मी पहिलं तसराळं भरलं तो क्षण आठवायचा प्रयत्न केला. कंदिलाच्या उजेडात काळा रस्सा, काळे तुकडे. त्यात काय मांस, काय गाजर आणि काय दुसरं काही, देवाला ठाऊक. सगळं स्टाउटच्या रंगाचं होतं.

"तुम्ही काही खाल्लंत का त्यातलं?"

त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली.

"मर्टी!"

"सोलताना एक तुकडा तोंडात टाकला. कच्चा. नेहमी टाकतो. जरा तिखट लागला. आत्ता जीभ जळतेय, पण ते चहानेही असेल."

आणि मीही दोन चमचे प्यायले होते.

फोन नाही, गाडी नाही. लिलिसांचं घर रस्त्याने दोन मैल, शेतांतून पाऊण मैल. फिन्टन पोचून वीस मिनिटं झाली असतील. ऊना त्याला जेवल्याशिवाय सोडणार नाही, तिची ती पद्धतच आहे. आणि इथे हा म्हातारा, ज्याला मी एकटा सोडला तर त्याचं काय होईल ते मी त्या कालवडींमध्ये पाहिलं होतं.

मी नुसती उभी राहिले. एक पाय दाराकडे, एक पाय खुर्चीकडे, असं खरंच उभी होते.

"जा," मर्टी म्हणाले.

"तुम्हाला असं टाकून?"

"तिथे अंगावर पिणारं पोर आहे. माझा मुलगा आहे. जा म्हणतो ना! बाई, तुला एक काम सांगितलं तर किती विचार करतेस."

मी टेबल आणि खुर्च्या भिंतीकडे ढकलल्या. चुलीपासून लांब जमिनीवर गाद्या टाकल्या, त्यांना डाव्या कुशीवर निजवलं, डोक्याखाली फिन्टनचा कोट दिला. त्यांनी स्वतःच तोंडातली वरची कवळी काढून माझ्या हातावर ठेवली. त्यांचा हात थंडगार आणि घामेजलेला होता.

"मी मोठ्याने रोझरीचा जप म्हणतो," ते म्हणाले. वरच्या दातांशिवाय त्यांचे शब्द लहान मुलासारखे येत होते. "ऐकू येतेय तोवर मी ठीक आहे असं समज."

मी दार उघडं ठेवलं आणि पळाले. अंगण ओलांडेपर्यंत त्यांचा आवाज ऐकू येत होता. फाटकापर्यंतही. मग वारा आला आणि तो आवाज संपला की नुसता पुसला गेला, ते कळायला मार्ग नव्हता.

पाऊण मैल काही लांब नाही. पण वादळानंतरची शेतं म्हणजे नुसती दलदल. दुसऱ्या शेतात माझा एक बूट चिखलात रुतला तो मी तिथेच सोडला. ओढ्याला पाणी कमरेएवढं होतं, मी कुंपणाची तार धरून पलीकडे गेले. माझ्या ओठांना मुंग्या येत होत्या. थंडीने येत असतील. बोटं वाकडी होत होती, तीही थंडीने असतील. प्रत्येक पावलाला मी स्वतःला तपासत होते. टेकाडावर मला उलटी झाली, आणि मी ते काळं पाणी गवतावर पाहत राहिले, त्यात पांढरं काही आहे का म्हणून. मग पुन्हा पळाले.

लिलिसांच्या फाटकाशी वीज दुरुस्तीवाल्यांची पिवळी व्हॅन उभी होती. एक माणूस खांबावर, एक खाली. त्या व्हॅनला वायरलेस असतो हे मला त्या क्षणी सुचलं, यासाठी मी आजही देवाचे आभार मानते. खालच्या माणसाला मी काय सांगितलं ते सुसंगत नव्हतं. विष, म्हातारा, हेहिरांचं घर, बाळ. त्याने एक प्रश्न विचारला, "किती माणसं?" आणि मी म्हटलं, "मला माहीत नाही." तो बोलतच व्हॅनकडे धावला.

मी लिलिसांचं दार लोटलं.

आत उबदार होतं. मेणबत्त्या लावल्या होत्या. टेबलावर माझं तसराळं, अर्ध्याहून जास्त रिकामं. फिन्टन शेवटचा रस्सा ब्रेडने पुसून घेत होता. सेनन, ऊनाचा नवरा, ताट बाजूला सारून खुर्चीत मागे रेलला होता.

"ब्रीडा!" तो म्हणाला. "देवा रे, काय ही दशा! बस बस. अगं, राजाला मिळणार नाही अशी पाई."

"किती खाल्लंत?"

"मी दोनदा घेतलं. फिन्टनने एकदा. का गं, हिशेब—"

"ऊना?"

ऊना चुलीपाशी बाळाला पाजत होती. तिने वर पाहिलं. "मी चार घास खाल्ले, तेवढ्यात ही उठली. काय झालं, ब्रीडा?"

मी सांगितलं.  मग ऊनाने हळूच, फार हळूच, बोट घालून बाळाचं तोंड छातीपासून सोडवलं. बाळ रडायला लागलं. ते रडणं मला अजून ऐकू येतं. त्या पोरीला भूक होती आणि तिच्या आईने तिला हातभर लांब धरलं होतं, आणि ऊनाचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला होता.

फिन्टन म्हणाला, "बाबा कुठे आहेत?"

"घरी. जमिनीवर."

"एकटे?"

मी मान हलवली. तो उठला, जीपची किल्ली घेतली आणि गेला. मी त्याला अडवायला हवं होतं. त्याने स्वतः ते खाल्लं होतं, त्याला चाकावर झटका आला असता तर? पण हे मला जीप वळणावरून दिसेनाशी झाल्यावर सुचलं.

मग मी ते तसराळं टेबलावर उपडं केलं. हातांनी सगळं पसरलं आणि एकेक तुकडा चिमटीत दाबून पाहिला. मांस. मांस. गाजर. मांस. कांदा. सेनन मेणबत्ती धरून उभा होता आणि मेण माझ्या मनगटावर पडत होतं.  अगदी तळाशी एक तुकडा सापडला, नखाएवढा, फिका, मऊ, ना चरबी ना कांदा.

"हे काय आहे?" सेननने विचारलं.

"मला माहीत नाही."

"तू घातलंस ना हे सगळं? तुला माहीत नाही?" त्याचा आवाज चढला. "माझी बायको, माझी लेक! कसली बाई आहेस तू, स्वतःच्या भांड्यात काय आहे ते तुला माहीत नाही?"

"सेनन," ऊना म्हणाली. "नको."

"नको काय? म्हाताऱ्याला दिसत नाही हे गावभर ठाऊक आहे! मागच्या महिन्यात तो चर्चच्या पायऱ्यांवर माझ्याऐवजी खांबाशी बोलला!"

मला हे कुणीच सांगितलं नव्हतं. की सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं. मी तो फिका तुकडा एका काचेच्या बरणीत घातला आणि झाकण फिरवलं. ते तीनदा आडवं बसलं.

वीजवाल्यांनी आम्हाला व्हॅनमध्ये घेतलं. जाताना आमच्या घरावरून गेलो. फिन्टनची जीप अंगणात होती, दार उघडंच होतं. मी उतरले आणि व्हॅन बाकीच्यांना घेऊन पुढे गेली. रोझरीचा आवाज येत नव्हता.

आत फिन्टन जमिनीवर बसला होता आणि त्याने मर्टींचं डोकं मांडीवर धरलं होतं. मर्टींचं सगळं शरीर धनुष्यासारखं ताठ होतं. टाचा लादीवर आपटत होत्या, ठक ठक ठक, एकसारख्या. ओठांवर लाल फेस होता. डोळे उघडे आणि पांढरे. मग ते एकदम ढिले पडले आणि त्यांना श्वास येईना. फिन्टन ओरडला, "बाबा!" आणि त्यांना गदागदा हलवलं. एक लांब, घरघरता श्वास आला. मग पुन्हा टाचा वाजायला लागल्या.

"तिसरा झटका," फिन्टन म्हणाला. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि मी त्या पाण्याकडे नाही, त्याच्या हातांकडे पाहत होते. ते थरथरत होते. ते रडण्याने थरथरत होते की दुसऱ्या कशाने, हे मला जाणून घ्यायचं होतं आणि जाणून घ्यायचं नव्हतं.

रुग्णवाहिका पंचवीस मिनिटांत आली. पडलेल्या झाडांतून वाट काढत ती त्याहून लवकर येणं शक्य नव्हतं, पण ती पंचवीस मिनिटं मला कुणी परत जगायला सांगितली तर मी नाही म्हणेन.

लिमरिकच्या हॉस्पिटलमध्ये मर्टींना थेट आत नेलं. आम्हाला चौघांना कोळशाची काळी पूड पाण्यात कालवून प्यायला दिली आणि ओळीने खाटांवर बसवलं. बाळाला एका नर्सने बाटलीने दूध पाजलं. एक तरुण डॉक्टरीण आली. तिने बरणीतला तुकडा उजेडात धरून पाहिला आणि खांदे उडवले.

"यावरून काही सांगता येणार नाही," ती म्हणाली. "शेवटचा घास कितीला खाल्ला?"

"साडेबाराच्या सुमाराला," सेनन म्हणाला.

"मग सात वाजेपर्यंत बघू. तोवर काही झालं नाही तर तुम्ही सुटलात."

तेव्हा अडीच वाजले होते. साडेचार तास. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं आणि आम्ही चौघंही त्याच्याकडे बघत होतो. सेननला शिंक आली तरी ऊना दचकायची. तीन वाजता फिन्टन म्हणाला, त्याला जीभ जड वाटतेय. नर्स धावत आली. मग तो म्हणाला, नाही, ती कोळशानेच असेल. चारला माझ्या पायात गोळा आला आणि मी किंचाळले. तो साधा गोळा होता, थंड पाण्यातून पळाल्याचा. पाचनंतर ऊना रडायला लागली. तिला काही होत नव्हतं. तिच्या छातीत दूध भरून दुखत होतं आणि ते तिला पिळून मोरीत टाकावं लागत होतं.

सेनन माझ्याशी बोलत नव्हता. सहाच्या सुमाराला त्याने खिशातून पेपरमिंटची पुडी काढली, ऊनाला एक दिली, फिन्टनला एक दिली, जरा थांबला, आणि मग माझ्यापुढेही धरली. मी घेतली. आम्ही चौघांनी ती चघळली आणि परत घड्याळाकडे पाहिलं.

सात वाजले. कुणालाच काही झालं नव्हतं. सव्वासातला डॉक्टरणीने ऊनाला सांगितलं की उद्यापासून पाजायला हरकत नाही. ऊनाने बाळाच्या डोक्यात तोंड खुपसलं आणि बराच वेळ वर केलं नाही.

मर्टींना सहा दिवस ठेवलं. पहिले दोन दिवस ते झोपवून ठेवलेले होते, नळ्यांमध्ये. झटक्यांत त्यांचा उजवा खांदा निखळला होता, जीभ चावली गेली होती. वय बघता वाचले हेच खूप, असं सगळे म्हणत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला ओळखलं, आवाजावरून, आणि पहिला प्रश्न विचारला तो बाळाचा. मी म्हटलं, सगळे ठीक आहेत. मग जड जिभेने, थांबत थांबत ते म्हणाले, "भांडं हलकं होतं. आठवलं मला. झाकण काढायला मी ते ओढलं, तर ते हलकं लागलं. म्हणजे ऊनाची पाई तू आधीच काढून घेतली होतीस."

ते त्यांना तेव्हा आठवलं असतं तर, असं मी म्हटलं नाही. माझी मान वाकलेली होती. मला आठवत होते ते दोन चमचे, जे मी त्याच हलक्या झालेल्या भांड्यातून प्यायले होते. टेकाडावरची ती उलटी कशाची होती, ते मला कधी कळलं नाही.

घरी आल्यावर ते स्वयंपाकघरात येईनात. आपल्या खोलीतच बसायचे, हात मांडीवर ठेवून. मी ताट नेलं की विचारायचे, "तू चाखलंस?" मी हो म्हटल्यावर खायचे. मला वाटलं ते मला चिडवताहेत. चिडवत नव्हते. माझंही काही वेगळं नव्हतं. मी गाजर सोलायला घेतलं तरी ते खिडकीपाशी उजेडात नेऊन दोनदा फिरवून पाहायची, देठ हुंगायची, आणि मग कधीकधी तसंच टाकून द्यायची. फिन्टनने सगळा चर स्वतः, हातमोजे घालून उपसला आणि निघालेला एकेक गड्डा पेट्रोल ओतून जाळला. दोन दिवस तो धूर घरात येत होता आणि आम्ही खिडक्या लावून बसलो होतो.

एप्रिलमध्ये डोळ्यांच्या ऑपरेशनचा दिवस मिळाला. डॉक्टरांकडे चौकशी केली तेव्हा कळलं, दोन वर्षांपूर्वीही मिळाला होता. ते पत्र मर्टींनी चुलीत घातलं होतं. दिसत नाही असं एकदा कागदावर आलं की मला वृद्धाश्रमात टाकतील, असं त्यांना वाटत होतं. हे त्यांनी मला लिमरिकच्या रस्त्यावर सांगितलं, मी दुरुस्त होऊन आलेली गाडी चालवत असताना, सरळ समोर बघत.

 दोन-तीन वळणांनंतर ते म्हणाले, "ब्रीडा, एक विचारू?"

"विचारा."

"त्या दिवशी फिन्टन गेला असता. किंवा ते पोर. तर तू मला घरात ठेवलं असतंस?"

पुढे एक ट्रॅक्टर होता, त्याच्या मागे मी गाडी हळू केली. खोटं बोलणं सोपं होतं. ते म्हातारे होते, ऑपरेशनला चालले होते.

"नाही," मी म्हटलं. "तुमचं तोंडही बघवलं नसतं मला. आणि माझंही."

त्यांनी मान हलवली, एकदा, कामाची गोष्ट ठरल्यासारखी.

"बरं झालं," ते म्हणाले. "हो म्हणाली असतीस तर मी तुझ्यावर पुन्हा कधी विश्वास ठेवला नसता."

ट्रॅक्टर एका शेतात वळला. रस्ता मोकळा झाला. मर्टींनी डावा, चांगला हात पुढे करून चाचपडत माझी बाही धरली आणि हॉस्पिटलच्या दारापर्यंत सोडली नाही. गिअर बदलताना अडचण होत होती, पण मी बाही सोडवून घेतली नाही.